नागपुरात नवा प्रकल्प उभारताय? झाडांचं काम नकाशापासून पहिल्या उन्हाळ्यापर्यंत

भोगवटा प्रमाणपत्राची फाइल जुळत आलेली असते. लिफ्टचा दाखला आला, अग्निशमनाचा आला, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘झाडांचं काय?’ तेव्हा बहुतेक मार्च उजाडलेला असतो. टेम्पोभर रोपं येतात, मलब्यात फूटभर खड्डे होतात, फोटो निघतात आणि मेअखेरचा नवतपा लागेपर्यंत त्यांच्या काड्या झालेल्या असतात. पुढे नोटीस आली की तोच खर्च दुसऱ्यांदा.

झाडं लावायची शेवटी असली तरी ठरवायची सगळ्यात आधी असतात, फुटिंगच्याही आधी. पहिल्यांदाच प्रकल्प करणारे जमीनमालक, छोटे बिल्डर आणि साइटवर नवे लागलेले इंजिनियर यांच्यासाठी हा क्रम दिला आहे.

१. कोणता नियम लागू होतो ते पाहा

परवानगी मनपाची, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हे सात-बारा किंवा आखीव पत्रिका आणि विकास आराखडा समोर ठेवला की कळतं. तिघांचंही नियमांचं पुस्तक एकच आहे: २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे सगळे म्हणतात ती ‘युडीसीपीआर’. तिच्यातले दोन आकडे आताच टिपून ठेवा. जमीन ४,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर १० टक्के जागा करमणुकीची मोकळी जागा म्हणून सोडावी लागते. प्लॉट ५०० चौरस मीटर किंवा मोठा असेल तर पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण सक्तीचं आहे.

बांधकामाचं क्षेत्र २०,००० चौरस मीटर झालं की केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणविषयक (ईआयए) अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटी वेगळ्या असतात. जमिनीच्या दर ८० चौरस मीटरला किमान एक झाड, त्यात जागेवरची जुनी झाडं धरता येतात. तोडलेल्या प्रत्येक झाडामागे तीन. आणि वरची २० सेंटीमीटर माती काढून, साठवून लागवडीला परत वापरायची.

छोट्या प्रकल्पात झाडांचा आकडा बांधकाम परवानगीच्या पत्रातल्या अटींमध्ये असतो. पत्राची शेवटची दोन पानं कुणी वाचत नाही आणि तो आकडा नेमका तिथेच असतो. तो मोठ्या अक्षरात लिहून साइट ऑफिसच्या भिंतीवर चिकटवा.

पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरची, हिरवळ १० टक्क्यांत धरली जाईल, असं आर्किटेक्टच्या तोंडी शब्दावर गृहीत धरू नका. नकाशा मंजूर होतानाच ते लेखी करून घ्या.

२. उभी झाडं मोजा

कुंपण घालण्याआधी आणि जेसीबी आत येण्याआधी प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. नोंदीत जात, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवरचा घेर, अंदाजे वय, फोटो आणि अक्षांश-रेखांश हवेत. बाभूळ, सुबाभूळही सोडू नका. ‘ते तर आपोआप उगवलं होतं’ हे उत्तर पंचनाम्यात चालत नाही.

तोडायचं झाल्यास महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातला हिशेब पार बदलला आहे. आता जितकं झाडाचं वय तितकी रोपं लावायची. ती लावतेवेळी सहा ते आठ फूट उंच हवीत, त्यांचं जिओ-टॅगिंग (फोटोसोबत अक्षांश-रेखांशाची नोंद) करायचं आणि सात वर्षं जगवायची. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, त्याला हात लावायचा विचारही शक्यतो नको. परवानगीचा अर्ज स्थानिक वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. सागवान असेल तर लाकूड हलवताना वन विभागाचा वाहतूक पास लागेल, हेही लक्षात असू द्या.

आता जे झाड वाचवायचं ठरवलं त्याबद्दल. नागपुरात जुना कडुनिंब कुऱ्हाडीपेक्षा भरावाने जास्त मरतो. प्लॉट रस्त्यापेक्षा खाली असतो म्हणून दोन-तीन फूट मुरूम टाकून उंचावतात आणि बुंधा तितका गाडला जातो. मुळांना हवा मिळत नाही. झाड पहिल्या वर्षी हिरवंच दिसतं, दुसऱ्या वर्षी शेंडा वाळतो, पुढे सगळंच वठतं आणि तोवर लोक वाळवीला दोष देत असतात. म्हणून बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ पत्र्याने बंद करा. ३० सेंटीमीटर व्यासाच्या बुंध्याला ३.६ मीटर त्रिज्या होते. त्या वर्तुळात भराव नाही, रेती-गिट्टीचा ढीग नाही, मिक्सरचं धुणं नाही. पातळी उंचवावीच लागली तर वर्तुळाभोवती दगडी कठडा बांधून आतली मूळ पातळी तशीच ठेवा आणि आतलं पाणी निघायला पाइप द्या.

३. कागदपत्रं

• सात-बारा किंवा आखीव पत्रिका, आणि मोजणीचा नकाशा
• मंजूर नकाशा, परवानगीपत्र अटींसह
• झाडांची यादी, फोटो आणि नकाशावर त्यांच्या जागा
• तोडण्याचं कारण. ‘बांधकामात येते’ एवढंच न लिहिता कोणत्या भागात येते ते नकाशावर दाखवून
• बदली लागवडीचा आराखडा आणि जगवण्याचं हमीपत्र
• पोडियमवर माती येणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला

अर्जातली संख्या, नकाशातली संख्या आणि जागेवरची संख्या या तिन्ही जुळल्या पाहिजेत. एका झाडाचा फरक निघाला तरी फाइल परत येते. परवानगी हातात पडली म्हणजे त्याच दुपारी करवत लावायची नसते; पत्रात दिलेली मुदत जाऊ द्या.

४. झाडाला नकाशावर जागा द्या

एक हिशेब करून पाहू. प्लॉट १०० बाय १२० मीटर, म्हणजे १२,००० चौरस मीटर. पर्यावरण मंजुरी लागणारा प्रकल्प आहे. मोकळी जागा १,२०० चौरस मीटर. झाडं १२,००० भागिले ८०, म्हणजे १५०. जागेवर १८ झाडं आहेत, १२ राहतात, ६ तोडायची आहेत. उरली १३८.

कुंपणाची लांबी ४४० मीटर. गेट, ट्रान्सफॉर्मर, टाक्यांची झाकणं आणि वळणं यांचे ६० मीटर वजा केले तर ३८० उरतात. चार मीटरला एक झाड धरलं की ९५. बाकी ४३ मोकळ्या जागेत, प्रत्येकी सुमारे २८ चौरस मीटर. बसतात, आणि खेळायलाही जागा राहते.

आता ती सहा झाडं. पर्यावरण मंजुरीच्या हिशेबाने १८ बदली रोपं. पण त्यांची वयं ८, १०, १२, १५, २० आणि २५ वर्षं असतील तर राज्याच्या कायद्याने ९०. जो आकडा मोठा तो धरून चाला. इतकी रोपं प्लॉटवर मावणार नसतील तर दुसरी जागा आधी ठरवून अर्जातच लिहा. हाच हिशेब आधी झाला तर बऱ्याचदा इमारत दोन मीटर सरकवून २५ वर्षांचं झाड वाचवणं स्वस्त पडतं.

कुंपणालगतच्या ९५ झाडांचा सापळा वेगळाच. उंच इमारतीभोवती अग्निशमन गाडीला सहा मीटरची मोकळी वाट लागते. बाजूचं अंतर मोजून सहाच मीटर सोडलं असेल तर झाडाची पट्टी त्या वाटेत येते आणि अग्निशमनवाले रोपं काढायला लावतात. म्हणून कुंपण आणि वाट यांच्यात किमान सव्वा ते दीड मीटरची मातीची पट्टी पहिल्या नकाशातच सोडा. त्याच पट्टीतून ड्रेनेज, केबल आणि गॅसची लाइन न्यायचा मोह प्लंबरपासून सगळ्यांना होतो. सेवावाहिन्या आणि झाडं एकाच नकाशावर काढा, नाहीतर खड्डा खणताना केबल सापडेल.

मोठ्या झाडाला इमारतीपासून चार-पाच मीटर, मध्यमाला तीन मीटर अंतर ठेवा. महावितरणच्या तारांखाली झुडपंच.

५. माती

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

नागपूर दख्खनच्या काळ्या दगडाच्या पूर्वेकडच्या टोकाला बसलं आहे. सेमिनरी हिल्स, अंबाझरीच्या बाजूला हातभर खाली मुरूम लागतो. सखल भागात काळी कपाशीची माती मिळते, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. दोन्हींचं औषध वेगळं आहे.

पहिलं काम पायाभरणीच्याही आधीचं: वरची २० सेंटीमीटर माती वाचवणं. ४,००० चौरस मीटरवरून ती काढली तर ८०० घनमीटर, म्हणजे साधारण २८३ ब्रास होते. एका कोपऱ्यात ढीग करा, फार उंच नको, वर ताग पेरून ठेवा. ही माती मलब्यात मिसळली की गेली. मग बाहेरून ‘शेतातली माती’ विकत येते आणि तिच्यासोबत गाजरगवत आणि लव्हाळाही येतो. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहतात. लॉनमध्ये एकदा शिरला की माळी बदलतात, लव्हाळा राहतो.

काळ्या मातीत खड्ड्याची बादली होते. घट्ट मातीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं की चहूकडचं पाणी त्यात येऊन थांबतं आणि जुलैत मुळं कुजतात. तपासायला सोपं आहे: खड्ड्यात फूटभर पाणी भरा, २४ तासांनी पाहा. तसंच उभं असेल तर खड्ड्याच्या भिंती कुदळीने खरवडा, तळाशी पहारीने मुरमापर्यंत दोन-तीन भोकं पाडा आणि रोप सभोवतालपेक्षा फूटभर उंच वरंब्यावर लावा. थोडी रेती मिसळून चिकण माती मोकळी होत नाही, शेणखताने होते.

मुरमाच्या भागात उलट. पाणी थांबत नाही आणि मूळ खाली शिरत नाही. तिथे खड्डा ब्रेकरने फोडून सव्वा मीटर रुंद करा आणि साठवलेली काळी माती भरा.

इमारतीलगतच्या मातीत सिमेंट आणि चुना मुरलेला असतो. इथली काळी माती मुळातच चुनखडीची, तिचा सामू (पीएच) बहुधा ८ च्या आसपास. त्यावर सिमेंट पडलं की एक्झोरा, गार्डेनियासारखी झुडपं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. ठेकेदार युरिया टाकतो आणि फरक पडत नाही, कारण तिथे कमी लोह असतं, नत्र नसतं. लागवडीआधी तीन-चार ठिकाणची माती जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. खर्च किरकोळ असतो.

६. कोणती झाडं

कडुनिंब आणि करंज हे इथले भरवशाचे. पानगळ होऊन ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी येते, म्हणजे सावली हवी तेव्हा मिळते. मध्यम जागेला तामण, कांचन, बकुळ. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळा धमक दिसतो, पण तेव्हा पानं नसतात, म्हणून बाकाच्या डोक्यावर नको, समोर हवा. जांभूळ, चिंच मोकळ्या जागेत उत्तम. पार्किंगवर जांभूळ लावलं की जूनमध्ये गाड्यांचे मालक भांडायला येतात. अर्जुन पाणी साचणाऱ्या सखल कोपऱ्यात लावा. पळस आणि मोह विदर्भाचे खरे, पण दोन्ही सावकाश वाढतात आणि मोठी रोपं उपटून लावलेली सोसत नाहीत. ती लहानपणीच लावा आणि मोजणीत त्यांच्यावर विसंबू नका.

गुलमोहराची फांदी वळवाच्या वादळात मोडते, गाड्यांवर नको. सप्तपर्णीच्या रांगा लावू नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलांच्या उग्र वासाने खिडक्या उघडता येत नाहीत. कोनोकार्पस हा ‘सहा महिन्यांत हिरवी भिंत’ म्हणून विकला जातो. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, तुम्हीही टाळा. वड, पिंपळ, उंबर कुंपणापासून आणि चेंबरपासून लांब, मोकळ्या जागेच्या मध्यावर.

रोपं घेताना उंचीला भुलू नका. आठ फुटांची, करंगळीएवढ्या खोडाची काडी पहिल्या वाऱ्यात आडवी होते. खोड तळाशी अडीच-तीन सेंटीमीटर हवं. एक-दोन पिशव्या नर्सरीतच फाडून पाहा. मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल फिरली असतील तर तो लॉट घेऊ नका. आंध्रातल्या कडियमहून ट्रक येतात, माल देखणा असतो, पण गोदावरीकाठच्या दमट हवेत वाढलेला. अशी रोपं आल्या दिवशी लावू नका. हिरव्या जाळीखाली तीन-चार आठवडे इथल्या हवेत मुरू द्या. साध्या देशी रोपांसाठी सामाजिक वनीकरण आणि वन विभागाच्या रोपवाटिका आधी पाहा.

७. खड्डा आणि लागवड

एप्रिल-मेमध्ये एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डे खणून दोन-तीन आठवडे तापू द्या. भरणी जूनच्या पहिल्या आठवड्यात: दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी अर्धा किलो निंबोळी पेंड. १३८ खड्ड्यांना ४६ घनमीटर शेणखत लागतं, म्हणजे १६ ब्रासच्या आसपास. ते मेमध्येच सांगून ठेवा. जूनमध्ये सगळ्यांनाच हवं असतं आणि मग ओलं, कच्चं शेण गळ्यात पडतं. कच्च्या शेणाने मुळं भाजतात आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीही येते.

मृगाचा पहिला शिडकावा पडला म्हणून धावू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊन भरलेली माती बसली की लावा. नागपुरात हे साधारण जूनअखेर ते जुलै. पोळ्यापर्यंत लागवड संपली पाहिजे, म्हणजे थंडीआधी मुळं धरतात.

लावताना माणूस समोर उभा ठेवा. मजूर घाईत पिशवीसकट रोप खड्ड्यात ठेवतात. दोन वर्षांनी मेलेलं झाड ओढलं की काळी पिशवी जशीच्या तशी वर येते आणि आत मुळांचा गोळा असतो. पिशवी उभी कापून पूर्ण काढायची, रिकाम्या पिशव्या मोजून घ्यायच्या. १३८ रोपांच्या १३८ पिशव्या. खोड आणि मूळ जिथे जुळतं ती जागा जमिनीच्या वर राहिली पाहिजे. आधाराला तीन बांबू, बांधायला सुतळी किंवा कापडाची पट्टी. तार वापरली तर ती वर्षभरात खोडात रुतते. ट्री-गार्डशिवाय लावू नका, जनावरं मोकाट फिरतात.

८. पोडियमवरची बाग

लॉनला २० ते ३० सेंटीमीटर, झुडपांना ४५ ते ६०, झाडाला किमान एक मीटर माती. ओली माती घनमीटरला १,६०० ते १,८०० किलो भरते. हा भार स्लॅबच्या डिझाइनमध्ये नसेल तर झाडाचा विषय तिथेच संपला. वॉटरप्रूफिंगनंतर ४८ ते ७२ तास पाणी भरून ठेवा, गळती नाही हे पाहूनच त्यावर मूळरोधक थर, ड्रेन सेल (पाणी निघायचा जाळीदार थर), जिओटेक्सटाइल (माती अडवणारं कापड) आणि मग माती, याच क्रमाने.

९. पाणी आणि पहिला मे

हिवाळ्यात आठवड्याला २० लिटर, मार्चपासून चार दिवसांआड, एप्रिल मध्यापासून पाऊस येईपर्यंत एक दिवसाआड २० ते २५ लिटर. ठिबकला प्रत्येक रोपाला दोन्ही बाजूंनी ताशी आठ लिटरचे दोन ड्रिपर, दीड तास चालवले की २४ लिटर होतात. १३८ रोपांना एका पाळीत सुमारे ३,३०० लिटर. तुलनेला लॉन घ्या: मेमध्ये चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर, म्हणजे १,२०० चौरस मीटरला रोज सहा-सात हजार लिटर. मोकळी जागा नुसत्या लॉनने भरणाऱ्यांनी हा आकडा टँकरच्या दराने गुणून पाहावा.

सांडपाणी प्रक्रियेचं पाणी झाडांना चालतं, पण ठिबकाआधी फिल्टर हवा आणि मुलं खेळतात तिथे ते तुषारांनी उडवू नका. नळ्या खारी कुरतडतात, आठवड्याला एकदा माळ्याने ओळ फिरून पाहावी.

आळ्यात धानाचं तणस किंवा सोयाबीनचं कुटार आठ-दहा सेंटीमीटर पसरा, खोडापासून वीतभर लांब. फेब्रुवारीअखेर खोडाला बोर्डो पेस्ट लावा, काटोल-वरुडकडचे संत्रावाले लावतात तीच: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. पश्चिमेच्या उन्हाने कोवळी साल भाजते, ती यामुळे वाचते.

१०. दाखला आणि ठेका

भोगवट्यासाठी प्रत्यक्ष लागवडीचा नकाशा, झाडांचे क्रमांक, जिओ-टॅग केलेले फोटो आणि रोपांची बिलं एकत्र ठेवा. फोटो एकाच दिवशी सगळे काढू नका. लावताना, सहा महिन्यांनी आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर, एकाच कोनातून काढलेले तीन फोटो कुठल्याही हमीपत्रापेक्षा जास्त पटतात.

ठेका ‘लावून देणे’ असा कधीच करू नका. रकमेचा एक हिस्सा पुढच्या वर्षी १५ जुलैला जिवंत झाडं मोजून द्यायचा, असं करारात लिहा. मेलेलं रोप त्याच जातीच्या, त्याच उंचीच्या रोपाने बदलायचं, तेही लिहा. मोजणीच्या दिवशी खोडावर नखाने हलकंसं खरवडून पाहा. साल खालून हिरवी असेल तर पानं नसली तरी ते झाड धरायचं, तपकिरी असेल तर नाही.